चाँद मिनार : कातळाच्या बेटासमोरची उंची

पडेगावहून दौलताबादकडं जाणारा रस्ता हा चाँद मिनार पाहण्याचा सर्वांत चांगला रस्ता आहे, असं माझं ठाम मत आहे. छत्रपती संभाजीनगरची छावणी मागं टाकली, पडेगाव-मिटमिटा ओलांडलं, शरणापूरच्या बाजूची भांगसीमातेची टेकडी दिसून गेली, की देवगिरीचा डोंगर समोर येतो. सुरुवातीला नुसता डोंगर. शंकूसारखा, एकटा, आजूबाजूच्या रांगांशी काही नातं नसल्यासारखा. मग रस्ता जरा वळतो आणि त्या करड्या अंगावर एक फिकट, गुलाबीसर उभी रेघ उमटते. आणखी पुढं गेलं की ती रेघ डोंगरापासून सुटून आभाळात एकटी उभी राहते; पुन्हा वळण आलं की डोंगराच्या पोटात शिरते. चालत असते आपली गाडी, पण हलताना दिसतो तो मिनार. डोंगर मात्र जागचा ढळत नाही.

किल्ल्यावर येणारे बहुतेक लोक तिकीट काढतात, तोफांपाशी रेंगाळतात आणि थेट वरच्या वाटेला लागतात. अंधारी ही कातळातली काळोखी वाट पाहायची असते, वरची बारादरी गाठायची असते, उन्हाच्या आत खाली यायचं असतं. चाँद मिनार त्यांच्या वाट्याला येतो तो एका फोटोपुरता. मला याचं फार वाईट वाटतं. या किल्ल्यात माणसानं जे जे बांधलं, त्यात सौंदर्याचा एवढा शांत आणि नेमका विचार दुसऱ्या कुठल्याच वास्तूत झालेला नाही. त्याच्याकडं नुसतं मान वर करून पाहणं पुरत नाही. कविता वाचावी तसा तो खालून वर, ओळीओळीनं वाचावा लागतो.

त्याआधी त्याच्यासमोरच्या खडकाकडं पाहायला हवं, कारण मिनाराचा निम्मा अर्थ त्या खडकात आहे.

देवगिरी हा सुमारे २०० मीटर उंचीचा डोंगर. यादवांच्या काळापासून त्याची खालची बाजू तासत तासत नेली आणि जवळजवळ ५० मीटर उंचीचा उभा कडा सर्व बाजूंनी तयार केला. बोटं रोवायला फट नाही, पाय टेकायला जागा नाही. या कड्याच्या पायाशी कातळात कोरलेला खोल खंदक आहे आणि खंदकात पाणी. आत जायला एकच पूल. तोही असा, की पाण्याची पातळी बंधाऱ्यांनी वाढवली की पुलाचा मधला भाग पाण्याखाली जावा. १३४० च्या सुमारास इब्न बतूता इथं येऊन गेला. सपाट मैदानातला हा खडक, तो कोरून वर बांधलेला किल्ला आणि वर जायची चामड्याची शिडी, जी रात्री ओढून घेत, हे सारं त्यानं नोंदवून ठेवलं आहे. तळघरातल्या उंदरांबद्दलही त्यानं लिहिलं आहे. ते मांजरांहून मोठे होते आणि मांजरंच त्यांना भिऊन पळत. मिनाराबद्दल मात्र त्यानं काही लिहिलेलं नाही. लिहिणार कसं? मिनार उभा राहायला अजून शंभर वर्षं जायची होती.

आपल्याकडं किल्ल्यांची विभागणी गिरिदुर्ग, भुईकोट, जलदुर्ग अशी करतात. देवगिरी या तिन्हींत थोडा थोडा बसतो. बाहेरचे अंबरकोट आणि महाकोट हे भुईकोटासारखे मैदानात पसरलेले. वरचा बालेकिल्ला अस्सल गिरिदुर्ग. आणि खंदकाच्या काठावर उभं राहिलं तर समोर जे दिसतं ते उघड उघड बेट आहे. समुद्रापासून इतक्या दूर, पावसाची वाट पाहणाऱ्या मराठवाड्यात, माणसांनी छिन्नी-हातोड्यानं एक बेट तयार केलं. कोकणात निसर्गानं दिलेली बेटं होती. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडावरच्या खांदेरीवर तट घालायला घेतला आणि त्यावरून इंग्रजांशी समुद्रात लढाई झाली. त्याच खांदेरीवर पुढं १८६७ मध्ये इंग्रजांनी दीपगृह उभारलं. बेटावरच्या अशा मनोऱ्याचं काम सरळ असतं. सगळीकडं पाणीच पाणी, आडवं आणि सपाट. त्यात एक उभी गोष्ट कोसांवरून दिसते. मनोरा उंच असला की झालं, त्याला स्पर्धा नसते.

दौलताबादच्या कारागिरांपुढचा प्रश्न याच्या अगदी उलटा होता. इथं उभी, अजस्र, नजर खिळवणारी गोष्ट आधीच हजर होती. तिच्यापुढं माणसानं कितीही उंच बांधलं तरी ते खुजंच ठरणार. डोंगराच्या माथ्यावर मिनार चढवला असता तर तो दुरून काडीसारखा दिसला असता आणि जवळून दिसलाच नसता. त्यांनी तो खाली बांधला. महाकोटाच्या आत, जिथं वस्ती होती, बाजार होता, जामा मशीद होती, तिथल्या सपाटीवर. खडकाशी बरोबरी करायचा मोह त्यांनी पूर्णपणे टाळला. मला तरी या वास्तूतला सर्वांत मोठा कलाविचार हाच वाटतो. जागेची ही निवड एकदा कळली, की पुढचं सगळं उलगडत जातं.

खडक ओबडधोबड आहे, मिनार गोल आणि घोटीव आहे. खडक खाली रुंद, वर निमुळता. मिनारही वर निमुळता होत जातो, पण इतक्या सावकाश की डोळ्याला ते आधी कळतच नाही. खडकाच्या उंचीचा अंदाज बांधता येत नाही, कारण त्याच्यावर मोजायला काही खूणच नाही. तासलेला कडा तर कोऱ्या पाटीसारखा आहे. मिनाराला मात्र मजले आहेत, सज्जे आहेत. सज्ज्यात माणूस उभा राहिला तर केवढा दिसेल ते आपल्याला कळतं. त्यामुळं होतं असं, की नजर मिनाराचे मजले मोजते आणि त्याच मापानं मागचा खडक मोजू लागते. आणि मग खडक पहिल्यांदा खरोखर प्रचंड वाटतो. मिनार नसता तर देवगिरी इतका मोठा दिसला नसता, असं म्हणायला माझी जीभ अडखळत नाही.

आता खालून सुरुवात करू.

मिनाराचं जोतं उंच आहे आणि ते भरीव नाही. त्यात छोट्या छोट्या खोल्या आहेत, चोवीस. आणि त्याला लागून एक लहानशी मशीद. एरवी एवढा मनोरा म्हटला की त्याचा तळ भक्कम, बंद आणि दडपून टाकणारा असायचा. इथं तळाशी माणसांची जा-ये आहे, सावली आहे, ओटा आहे, दार आहे. म्हणजे मिनाराची सुरुवात माणसाच्या मापानं होते. दाराची उंची आपल्या ओळखीची, पायरीची उंची आपल्या पायाच्या सवयीची. तिथून नजर वर निघते ती या ओळखीच्या मापाची शिदोरी घेऊन. कुतुबमिनारापाशी गेल्यावर आपण आधी दबून जातो आणि मग पाहू लागतो. इथं आधी आपण बसतो, आणि मग वर पाहतो.

जोत्याच्या वर मुख्य खांब सुरू होतो. पहिला टप्पा जवळजवळ साधा आहे. गोलाई आणि गिलावा, बस्स. पुष्कळजणांना इथं काहीच नाही असं वाटतं, पण हा साधेपणा जपूनच ठेवलेला आहे. संगीतात बडा ख्याल सुरू करताना गवई षड्जावर निवांत थांबतो, घाईनं जागा घेत नाही. ऐकणाऱ्याचा कान स्थिरावला की मग विस्तार. मिनाराचा हा भाग तसा आहे. त्याच्यावर सकाळचं ऊन एका बाजूनं चढत जातं तेव्हा उजेड आणि सावली यांच्यामध्ये कुठं रेषा ओढावी ते कळत नाही. गोल भिंतीवर उजेड हळूहळूच मावळतो. मागच्या कड्यावर मात्र उजेड-सावली तुकड्या-तुकड्यांनी पडते. एकाच उन्हाची ही दोन रूपं शेजारी शेजारी पाहायची असतील तर यासारखी जागा नाही.

मग पहिला सज्जा येतो, आणि इथं थांबायलाच हवं.

सज्जा खांबाच्या अंगातून बाहेर काढलेला आहे आणि त्याला खालून दगडी हातांनी तोलून धरलं आहे. या हातांची एक ओळच्या ओळ मिनाराभोवती फिरते. नुसतं भार पेलण्याचं काम असतं तर ओबडधोबड दगडही चालले असते. इथं प्रत्येक हात टप्प्याटप्प्यानं बाहेर झुकत गेला आहे. आधी थोडा, मग त्याच्या वर आणखी थोडा, आणि प्रत्येक टप्प्याची कड कोरून हलकी केलेली. दगड एकावर एक थोडा थोडा पुढं सारत मोकळ्या जागेत जायचं, ही या मुलखातल्या पाथरवटांची जुनी विद्या. यादवकाळातल्या मंदिरांच्या छतांत, खांबांच्या माथ्यांवर, देवळांच्या मंडपांत ती दिसतेच. ज्यांनी मिनार बांधायला सांगितलं त्यांना इराण-तुराणची मनोऱ्यांची परंपरा ठाऊक होती. ज्यांच्या हातांनी तो बांधला त्यांच्या बोटांत इथल्या देवळांची सवय असावी. या सज्ज्याखाली उभं राहिलं की मला तरी ती सवय स्पष्ट दिसते. कागदावरचा आराखडा कुणाचाही असो, दगड कुठं किती पुढं सारायचा हे ठरवणारा माणूस इथला होता, असं ते हात पाहून वाटतं.

या हातांच्या मधल्या सावल्या हा मिनाराचा खरा अलंकार आहे. दुपारी ऊन डोक्यावर आलं की सज्ज्याखाली गडद पट्टा तयार होतो आणि त्यात हातांची टोकं तेवढी उजळतात. दुरून, पडेगावच्या रस्त्यावरूनसुद्धा, मिनार मजल्या-मजल्यांनी तोडलेला दिसतो तो या सावल्यांमुळं. काळा रंग कुठंही न वापरता काळ्या रेघा ओढल्या आहेत.

वर गेलं की मधल्या भागात उभ्या पन्हळी लागतात. कुतुबमिनारात पहिल्या मजल्यापासूनच पन्हळी आहेत. पहिल्यात एक गोल, एक टोकदार अशी आलटून पालटून, दुसऱ्यात सगळ्या गोल, तिसऱ्यात सगळ्या टोकदार. दिल्लीच्या त्या कल्पनेची आठवण इथं ठेवली आहे, पण जपून, एवढ्याच भागापुरती. खाली साधी गोलाई पाहून डोळा निवांत झालेला असतो, तोच या उभ्या रेघांनी नजर झपाट्यानं वर ओढली जाते. खालच्या टप्प्यात मिनार उभा असतो, या टप्प्यात तो चढू लागतो. त्यानंतर पुन्हा सज्जा, पुन्हा विसावा, आणि शेवटी माथ्यावर गोलसर घुमट. चार मजल्यांचा हा प्रवास शेवटाला कुठं टोचत नाही, आभाळात घुसत नाही. वळून आपल्यातच मिटतो.

घुमटाचा हा निर्णयही मला फार मोलाचा वाटतो. मागं डोंगराचा माथा टोकदार आहे. पुढं आणखी एक टोक आलं असतं तर दोघांची झटापट झाली असती.

आता रंगाबद्दल. आज मिनार दिसतो तो गिलाव्याचा, जरासा गुलाबी, जरासा मातकट. मुळात त्याच्यावर इराणी पद्धतीच्या चकाकत्या निळ्या फरशा बसवलेल्या होत्या. त्यांचे अवशेष अजून शोधले तर सापडतात. भाजलेल्या मातीवर काचेसारखा लेप चढवायचा, पुन्हा भट्टीत घालायचा, आणि तो निळा रंग पक्का करायचा, हे काम करणारे कारागीर आणि त्यांची रीत, हा मिनार ज्यांच्या काळातला त्या बहामनी सुलतानांच्या दरबारात इराणातून आली. अहमदशाह वली या सुलतानानं राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला नेली आणि इराणातल्या किरमानजवळच्या शाह निमतुल्ला यांच्या घराण्यातल्या माणसांना मोठ्या सन्मानानं बोलावून घेतलं. बीदरजवळची खलीलुल्लांची चौखंडी त्या घराण्याची. तिथं काळ्या बेसाल्टमध्ये कोरलेलं अक्षरकाम आहे आणि फरशांचे अवशेषही आहेत. पुढं १४७२ मध्ये महमूद गवाननं बीदरला मदरसा बांधला, त्याच्या मिनारावर निळ्या-पांढऱ्या-पिवळ्या फरशा अजून पाहायला मिळतात. दौलताबादच्या मिनारावर तो निळा रंग मूळचा कसा दिसत असेल याची कल्पना करायची असेल तर बीदरचा तो मदरसा एकदा पाहून यावा.

कल्पना करू. वैशाखातला मराठवाडा, चहूकडं पिवळं पडलेलं गवत, काळा तापलेला खडक, आणि त्याच्यासमोर निळा मिनार. या प्रदेशात उन्हाळ्यात निळा रंग फक्त आभाळात असतो, आणि तेही दुपारी पांढरं पडतं. कुतुबावर कुराणातल्या वचनांचे पट्टेच्या पट्टे कोरले आहेत, कारण तिथला लाल वालुकाश्म छिन्नीला मऊ लागतो. इथला दगड कठीण. चौखंडीत तो कोरून दाखवला आहे, पण एवढ्या मोठ्या उंचीवर ते जमवण्यापेक्षा कारागिरांनी अक्षरांचं काम रंगावर सोपवलं. म्हणून फरशा गेल्यावर मिनाराचा एक आवाजच गेला, असं मला वाटतं. उरला तो त्याचा बांधा. आणि तो इतका चांगला होता की आवाज गेल्यावरही वास्तू उभी राहिली.

हा मिनार कुणी आणि कशासाठी बांधला याची एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. अल्लाउद्दीन बहामनीनं दौलताबादचा किल्ला जिंकला आणि त्या विजयाची खूण म्हणून १४३५ मध्ये मिनार उभारला, अशी ती गोष्ट. ती जरा तपासून पाहिली तर टिकत नाही. दौलताबाद बहामनींच्या ताब्यात १३४७ पासून होतं. मुळात बहामनी राज्याचा जन्मच इथल्या बंडातून झाला. मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये दिल्लीहून राजधानी इथं हलवली, माणसं आणली, देवगिरीचं दौलताबाद केलं, आणि वीस वर्षांत त्याच दौलताबादेतल्या अमिरांनी त्याच्याविरुद्ध उठाव करून स्वतंत्र सल्तनत उभी केली. स्वतःच्याच किल्ल्यावर ताबा मिळवल्याचं स्मारक शंभर वर्षांनी कोण कशाला उभारेल? शिवाय दुसरा अल्लाउद्दीन अहमदशाह तख्तावर आला तो १४३६ मध्ये. म्हणजे १४३५ हे सालही जुळत नाही.

मिनाराच्या पायाशी असलेल्या फारसी शिलालेखात हिजरी ८४९ हे साल आहे, म्हणजे इसवी सनाचं १४४५-४६, आणि परवेझ बिन करनफुल या सरदाराचं नाव आहे. हे साल हाती घेतलं की चित्र अगदी वेगळं दिसू लागतं. अल्लाउद्दीनच्या राज्यारोहणानंतर लगेचच खानदेशच्या नासीरखान फारुकीशी युद्ध झालं होतं, आणि त्या उत्तरेकडच्या लढाईत बहामनींचा तळ दौलताबाद होता. खानदेशापलीकडं माळवा. माळव्यात महमूद खलजी आणि मेवाडात राणा कुंभा यांच्यात तेव्हा जुंपलेली होती. आणि ऐका, याच सुमारास महमूद खलजीनं मांडूला सात मजली विजयस्तंभ बांधला, चितोडच्या मोहिमेच्या आठवणीसाठी. तर राणा कुंभानं चितोडला नऊ मजली विजयस्तंभ बांधला, महमूद खलजीवरच्या विजयाच्या आठवणीसाठी. चितोडचा १४४८ मध्ये पुरा झाला. मांडूचा पुढं कोसळला, आज त्याचा तळ तेवढा उरला आहे.

एकाच दशकात, एकमेकांना लागून असलेल्या तीन राज्यांत तीन मनोरे. हा योगायोग नसावा. नर्मदेच्या दोन्ही बाजूंच्या राजांना तेव्हा उंच बांधून बोलायची सवय लागली होती आणि चाँद मिनार हे दख्खनचं त्या बोलण्यातलं उत्तर असावं, असं मला वाटतं. तीन उत्तरांतला फरक मात्र पाहण्यासारखा आहे. चितोडचा स्तंभ चौकोनी ठेवणीचा, आतून-बाहेरून देवदेवतांनी भरलेला, जणू पुराणांचं भांडार. त्याला सगळं सांगायचं आहे. दौलताबादच्या मिनारानं जवळजवळ काहीच सांगितलेलं नाही. प्रमाण, सावली आणि रंग एवढ्यावर भागवलं आहे. एकाच काळातल्या दोन वेगळ्या रसिकता इतक्या समोरासमोर क्वचितच सापडतात. चितोडचा स्तंभ पाहून मी थक्क होतो, पण पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो तो आपला मिनार.

उपयोग कशासाठी होता, यावरही वाद घालता येतो. अजान देण्यासाठी, टेहळणीसाठी, दुरून येणाऱ्या सैन्याला आणि व्यापाऱ्याला दिशा दाखवण्यासाठी, मिरवण्यासाठी. आत चक्री जिना आहे. वरून चारी दिशा दिसणार, यात शंका नाही. पण टेहळणीच करायची तर मागचा डोंगर काय वाईट होता? तिथून तर छत्रपती संभाजीनगरच्या पलीकडचं दिसतं. मला वाटतं, मिनारावरून दिसण्यापेक्षा मिनार दिसणं महत्त्वाचं होतं. शहरात येणाऱ्याला डोंगर आधी दिसतो. पण डोंगर कुणाचाच नसतो. मिनार दिसला की कळतं, इथं राज्य आहे, वस्ती आहे, पाणी आहे, मुक्काम करता येईल.

पुढं १४९९ मध्ये दौलताबाद अहमदनगरच्या निजामशाहीकडं गेलं. आणि इथं मराठी वाचकाच्या जवळची एक गोष्ट येते. सोळाव्या शतकात या किल्ल्याचे किल्लेदार होते जनार्दनस्वामी, आणि पैठणहून लहानगा एकनाथ त्यांच्याकडं आला तो याच देवगिरीवर. गुरूच्या दफ्तरात हिशेब लिहिता लिहिता एका पैची चूक रात्रभर जागून शोधून काढणारा एकनाथ आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेला आहे. त्या गोष्टीतलं दफ्तर मिनारापासून हाकेच्या अंतरावर असणार. जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले; त्यांचं स्थानही दौलताबादच्या परिसरातच. हे चांद बोधले सूफी कादरी परंपरेतले, आणि श्रीगोंद्याचे शेख महंमदही त्यांच्याच शिष्यपरंपरेतले म्हणून सांगतात. तेव्हा नाथांनी मराठीला जे दिलं, त्याची बैठक तयार होत असताना चाँद मिनार शंभर वर्षांचा होऊन समोर उभा होता. भारुडांत हिंदू-तुर्क एकमेकांशी बोलतात, भांडतात, शेवटी गळ्यात पडतात. त्या बोलण्याची भाषा नाथांच्या कानावर ज्या गावात पडली, ते गाव हे. मिनाराच्या सज्ज्याखालचे ते दगडी हात पाहताना मला हे आठवतंच.

१६३३ मध्ये महाबतखानानं मुघलांसाठी दौलताबाद घेतलं. अंबरकोट सुरुंगानं फोडला, महाकोटालाही सुरुंग लावले. मलिक अंबरचा मुलगा फतेहखान शरण आला, लहानगा निजामशहा कैदेत गेला, आणि शहाजीराजांनी पेमगिरीवर दुसऱ्या मुलाला गादीवर बसवून निजामशाही आणखी काही वर्षं तगवली. एवढ्या धुमाळीत, सुरुंग फुटत असताना, महाकोटाच्या आत असलेला मिनार उभा राहिला. पुढं औरंगजेबानं गोवळकोंडा घेतल्यावर तिथला शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला इथल्या चिनी महालात आणून ठेवलं. तोही महाल निळ्या फरशांवरून नाव मिळालेला. तानाशाहानं आयुष्याची शेवटची वर्षं तिथं काढली. स्वतःच्या गोवळकोंड्यात ज्यानं फरशीकामाची श्रीमंती पाहिली होती, त्याच्या डोळ्यांपुढं कैदेतही तोच निळा रंग होता.

मिनारासमोरची जामा मशीद १३१८ च्या सुमाराची, कुतुबुद्दीन मुबारक खलजीच्या काळातली. तिच्यात जुन्या देवळांचे खांब आहेत. हैदराबाद संस्थान भारतात आल्यानंतर तिथं भारतमातेची मूर्ती बसली आणि आता लोक तिला भारतमाता मंदिर म्हणतात. एकाच अंगणात यादवांचे खांब, खलजींची मशीद, बहामनींचा मिनार आणि विसाव्या शतकातली मूर्ती. या सगळ्याबद्दल भांडणं करणारे पुष्कळ भेटतात. अंगणात उभं राहून खांबांवरचं कोरीवकाम आणि समोरच्या सज्ज्याखालचं कोरीवकाम एकानंतर एक पाहणारे कमी भेटतात. ते पाहावं. मधल्या काळात छिन्नी कशी बदलली आणि कुठं मुळीच बदलली नाही, हे तिथं कळतं.

मिनारात वर जायला आता परवानगी नाही, दार बंद असतं. मला त्याचं दुःख नाही. जुन्या अरुंद जिन्यांवर गर्दी झाली की काय होतं ते देशानं १९८१ मध्ये कुतुबमिनारात पाहिलं आहे. मिनार वरून पाहायचाच असेल तर त्यासाठी डोंगर आहे. अंधारीतून चढून बारादरीत पोचलं आणि शहराच्या बाजूला तोंड केलं की खाली मिनार दिसतो. खालून जो घुमट आभाळात होता तो आता पायाखाली असतो, आणि मिनाराची सावली महाकोटाच्या पडक्या भिंतींवर आडवी पडलेली. तिथून त्याच्या मजल्यांची प्रमाणं खालच्यापेक्षा जास्त स्पष्ट कळतात, कारण मान वर करताना वरचे मजले आखडून दिसतात तो दोष इथं नसतो. प्रत्येक वरचा मजला खालच्यापेक्षा किती आवळला आहे, सज्जे कुठं किती बाहेर आले आहेत, हे सगळं एखाद्या नकाशासारखं मांडलेलं दिसतं.

काळजी वाटते ती रस्त्याची. पडेगावकडून वेरूळ-खुलताबादकडं जाणारी वाहतूक अजूनही या जुन्या तटांच्या मधून आणि दरवाजांतून जाते. सुट्टीच्या दिवशी दरवाजात गाड्या अडकून बसतात, मोठ्या वाहनांच्या धक्क्यांनी दगड खरचटतात, हॉर्नचा गोंगाट महाकोटापर्यंत पोचतो. वाहतूक बाहेरून वळवण्याचं काम जितक्या लवकर होईल तितकं बरं. पण तसं झालं तरी पडेगाव-मिटमिट्याकडून येणारा हा जुना रस्ता पायी आणि सायकलनं येणाऱ्यांसाठी राखावा, ही माझी मागणी आहे, कारण मिनाराचा तो डोंगराशी चाललेला लपंडाव याच रस्त्यावरून दिसतो. बाहेरच्या वळणरस्त्यावरून तो दिसेल की नाही, सांगता येत नाही.

जायचं असेल तर सीताफळाच्या दिवसांत जावं, म्हणजे पावसाळा ओसरताना. डोंगर तेव्हा हिरवा असतो, खंदकात पाणी असतं आणि दौलताबादची सीताफळं रस्त्याच्या कडेला पाट्यांतून मांडलेली असतात. सकाळी लवकर पोचावं. ऊन पूर्वेकडून, आपण आलो त्याच बाजूनं येतं, आणि मिनार आधी उजळतो. मागचा कडा त्यानंतर. दुर्बीण असली तर सोबत घ्यावी आणि पहिल्या सज्ज्याखालचे हात एकेक करून पाहावेत, मिनाराभोवती पूर्ण फेरी मारत. निळ्या फरशांचे उरलेले तुकडे त्याच फेरीत शोधावेत, खाली लहान मशिदीपाशीही बघावं. एवढं झाल्यावर मग खुशाल तोफांकडं आणि अंधारीकडं वळावं.